विभाजित टँजंट बंडलवर वक्रता जुळत नाही: उत्तर १, २ की ४?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यात येते. मॅनिफोल्डचा (कोणत्याही मितीच्या गुळगुळीत वक्र जागेचा) टँजंट बंडल, म्हणजे तिच्या सर्व बिंदूंवरचे स्पर्श-सदिश, दोन भागांत फोडलेला असतो, एक आडवा आणि एक उभा, आणि मेट्रिकच्या, म्हणजे लांबी व कोन मोजणाऱ्या गुणाकाराच्या, हिशेबाने दोन्ही एकमेकांना लंब असतात. उभ्या दिशा चेपून टाकल्या की खाली उरणारी जागा म्हणजे पाया. आडव्या भागाची वक्रता काढली, तर ती पायाच्या वक्रतेशी जुळत नाही. मग फोड जपणारे कनेक्शन (सदिश-क्षेत्रांचे विकलन करण्याचा नियम) घेऊन पुन्हा काढली, तर आकडा बदलतो, पण जुळत नाही तो नाहीच. फ्रेम, म्हणजे प्रत्येक बिंदूवर निवडलेले आधार-सदिश, बदलून पाहिली तर सरळ शून्य येते. चिन्हे तपासून झाली, संगणकाकडून करून घेतले, तरी चूक सापडत नाही.

बेरीज-वजाबाकीत चूक नसतेच, म्हणून ती सापडत नाही. दोन आडव्या सदिश-क्षेत्रांचा ली ब्रॅकेट [क, ख], म्हणजे त्यांच्या दिशांनी केलेल्या विकलनांचा क्रम बदलल्यावर पडणारा फरक, आडवा राहतोच असे नाही, त्याला उभा अंशही असतो. हा अंश कुठे धरला, कुठे टाकला आणि कुठे अर्धाच धरला, यावर उत्तर ठरते. माझे ठाम मत असे की विभाजित बंडलवर काम करताना कनेक्शनला हात लावण्याआधी सगळे ब्रॅकेट कागदावर मांडून ठेवावेत. दहा मिनिटांचे काम आहे, पण पुढच्या निम्म्याहून अधिक अडचणी तिथेच दिसून येतात.

चिन्हे, एकदाच

आडव्या भागावरचा प्रक्षेप प, उभ्या भागावरचा ब. क, ख, ग ही सदिश-क्षेत्रे. ∇(क)ख म्हणजे क च्या दिशेने ख चे सहविकलन. वक्रता अशी:

र(क, ख)ग = ∇(क)∇(ख)ग − ∇(ख)∇(क)ग − ∇([क, ख])ग

क आणि ख एकक लांबीचे आणि परस्परांना लंब असतील, तर त्या प्रतलाची वक्रता म्हणजे ⟨र(क, ख)ख, क⟩.

व्यवहारात तीन कनेक्शने समोर येतात. पहिले आपले नेहमीचे लेव्ही-चिव्हिता, ∇. टॉर्शन ट(क, ख) = ∇(क)ख − ∇(ख)क − [क, ख] शून्य, मेट्रिक जपणारे, पण फोड न जपणारे. दुसरे शौटेन आणि व्हान काम्पेन यांनी १९३० साली मांडलेले:

∇′(क)ख = प∇(क)(पख) + ब∇(क)(बख)

हे फोड जपते, मेट्रिकही जपते, पण त्याला टॉर्शन असते. तिसरे रुमानियन गणितज्ञ व्रन्चानू यांच्या नावाने ओळखले जाते:

∇″(क)ख = प∇(पक)(पख) + ब∇(बक)(बख) + प[बक, पख] + ब[पक, बख]

दुसऱ्यात आणि तिसऱ्यात फरक फक्त मिश्र दिशांचा आहे. उभ्या दिशेने आडव्या क्षेत्राचे विकलन करायचे असेल तर दुसरे म्हणते ‘लेव्ही-चिव्हिता करा आणि प्रक्षेप घ्या’, तिसरे म्हणते ‘ब्रॅकेट करा आणि प्रक्षेप घ्या’. फोलिएशनच्या, म्हणजे जागा पानांसारख्या थरांत विभागण्याच्या, अभ्यासात बॉट कनेक्शन म्हणून जे येते ते हेच शेवटचे, फक्त पानांच्या दिशेपुरते.

तपासणीसाठी एकच उदाहरण पुरते

आपल्या मूळ प्रश्नात डोके घालण्याआधी तीच पद्धत एका ओळखीच्या जागी चालवून पाहावी. त्यासाठी हॉप्फ यांनी १९३१ साली दिलेल्या फायब्रेशनइतकी (त्रिमितीय गोल वर्तुळांत विभागून द्विमितीय गोलावर नेणाऱ्या रचनेइतकी) चांगली जागा नाही. एकक क्वाटर्नियनांचा (चार घटकांच्या संख्यांचा) त्रिमितीय गोल घ्या. त्यावर इ१, इ२, इ३ ही डावी-अचल (डावीकडून गुणले तरी न बदलणारी) क्षेत्रे, प्रत्येक एकक लांबीचे, एकमेकांना लंब:

[इ१, इ२] = २इ३, [इ२, इ३] = २इ१, [इ३, इ१] = २इ२

इ१ आणि इ२ आडवे, इ३ उभे. इ३ च्या वर्तुळांनी (हेच फायबर) भागले की खाली द्विमितीय गोल, म्हणजे पाया, मिळतो.

मेट्रिक द्वि-अचल (दोन्ही बाजूंनी गुणले तरी न बदलणारे) असल्याने इथे या तीन क्षेत्रांपुरते ∇(क)ख = ½[क, ख]. म्हणजे ∇(इ१)इ२ = इ३, ∇(इ२)इ३ = इ१, ∇(इ३)इ२ = −इ१, वगैरे. आता आडव्या प्रतलाची वक्रता काढू.

लेव्ही-चिव्हिताने: र(इ१, इ२)इ२ = ० − ∇(इ२)इ३ − २∇(इ३)इ२ = −इ१ + २इ१ = इ१. वक्रता १. एकक गोलाची ती असायलाच हवी.

दुसऱ्या कनेक्शनने: ∇′(इ१)इ२ = प(इ३) = ०, त्यामुळे पहिली दोन पदे जातात. उरते −२∇′(इ३)इ२ = २इ१. वक्रता २.

तिसऱ्याने: ∇″(इ३)इ२ = प[इ३, इ२] = −२इ१. उरते −२(−२इ१) = ४इ१. वक्रता ४.

एकच गोल, एकच फोड, एकच प्रतल, आणि तीन आकडे: १, २, ४. तिन्ही बरोबर आहेत. पायाची वक्रता यातली शेवटची, ४. कारण वरच्या मेट्रिकशी जुळवून घेतलेला खालचा गोल ½ त्रिज्येचा असतो.

इथे एक वाईट योगायोग दबा धरून बसलेला आहे. बरेच जण खालचा गोल एकक त्रिज्येचा धरतात, कारण हॉप्फचे सूत्र त्याच रूपात छापलेले असते. मग खाली वक्रता १ येते, वरही १ येते, आणि ‘जुळले!’ म्हणून मंडळी पुढे जातात. पण त्या त्रिज्येला आडव्या सदिशांची लांबी खाली उतरताना दुप्पट होते. म्हणजे ती नकाशा-क्रिया आडव्या लांब्या जपतच नाही, आणि तुलनेला काही अर्थ राहत नाही. जुळलेला आकडा हा पुरावा नव्हे. आधी लांबी जपली जाते का ते बघा.

आकड्यावरून निदान

या उदाहरणाचा मोठा उपयोग असा की चुकीचे आकडेही ओळखीचे होतात.

० आले, तर दोन शक्यता. एक, दुसरे किंवा तिसरे कनेक्शन घेतले, पण वक्रतेच्या सूत्रातल्या [क, ख] ऐवजी प[क, ख] लिहिले गेले. ‘आडव्या भागावरच काम चालले आहे, मग ब्रॅकेटही आडवाच घेऊ’ असा विचार त्यामागे असतो. दोन, क्रिस्टोफेल चिन्हांचे (कनेक्शनच्या गुणकांचे) निर्देशांकांतले सूत्र फ्रेमला लावले. ते सूत्र फक्त सहनिर्देशकांच्या फ्रेमला चालते, जिथे सगळे ब्रॅकेट शून्य असतात. लंब एकक फ्रेममध्ये मेट्रिकचे घटक स्थिर असतात, म्हणून त्या सूत्राने सगळी चिन्हे शून्य येतात आणि गोल सपाट ठरतो. तिथे कोझूलचे पूर्ण सूत्रच लागते:

२⟨∇(क)ख, ग⟩ = क⟨ख, ग⟩ + ख⟨क, ग⟩ − ग⟨क, ख⟩ + ⟨[क, ख], ग⟩ − ⟨[क, ग], ख⟩ − ⟨[ख, ग], क⟩

−१ आले, तर लेव्ही-चिव्हिता घेऊन ब्रॅकेट आडवा कापलेला आहे. गोलाची वक्रता ऋण आली की माणूस लगेच चिन्हांच्या मागे लागतो. इथे चिन्ह शोधण्यात वेळ घालवू नका.

ब्रॅकेट कापण्याबद्दल आणखी थोडे, कारण ही चूक वारंवार दिसते आणि कधीकधी लपून राहते. कापलेल्या सूत्राने मिळणारी वस्तू टेन्सर, म्हणजे फ्रेमच्या निवडीवर अवलंबून नसलेली राशी, नसते. ग च्या जागी फग घालून पाहा, फ हे कोणतेही गुळगुळीत फल. पूर्ण सूत्रात फ बाहेर येतो आणि विषय संपतो. कापलेल्या सूत्रात एक पद मागे राहते: (ब[क, ख]फ)ग, म्हणजे ब्रॅकेटच्या उभ्या अंशाने फ चे केलेले विकलन. आपल्या गोलावर ते २(इ३फ)ग आहे. अर्थात, फ्रेम फायबरच्या बाजूने फिरवली की ‘वक्रता’ बदलते.

आणि गंमत अशी की एका प्रकारच्या फ्रेममध्ये हे कापलेले सूत्रही बरोबर उत्तर देते. आडवी क्षेत्रे खालच्या क्षेत्रांवरून वर उचललेली असतील, तर इ३ बरोबरचा त्यांचा ब्रॅकेट आडवा अंश ठेवत नाही. मग तिसऱ्या कनेक्शनचे उभे पद आपोआप शून्य होते, आणि कापले काय नि न कापले काय, ४ च येतात. म्हणून एखाद्याच्या वहीत हे सूत्र वर्षानुवर्षे चालते आणि तुमच्या फ्रेममध्ये पहिल्याच दिवशी मोडते. आपले इ१ आणि इ२ असे उचललेले नाहीत: [इ३, इ१] = २इ२, पूर्ण आडवा. त्यांना खाली ढकलताच येत नाही. आले असते, तर द्विमितीय गोलावर सगळीकडे शून्येतर सदिश-क्षेत्र मिळाले असते, आणि तसे क्षेत्र नसते हे आपल्याला ठाऊक आहे.

फायबरची लांबी चल ठेवा

१, २, ४ हे आकडे ओळखायला सोपे, पण तुमच्या हिशेबात दोन चुका एकमेकींना झाकत असतील तर एका आकड्यावरून कळणार नाही. म्हणून पुढची पायरी: इ३ ची लांबी १ न ठेवता ल ठेवा. इ१ आणि इ२ तसेच. हे मार्सेल बर्जे यांच्या नावाने ओळखले जाणारे गोल.

ब्रॅकेट तेच राहतात, फक्त मेट्रिक बदलते. कोझूलने ∇(इ३)इ१ = (२ − ल²)इ२ आणि ∇(इ३)इ२ = −(२ − ल²)इ१ निघते. त्यावरून आडव्या प्रतलाची वक्रता:

लेव्ही-चिव्हिताने ४ − ३ल²
दुसऱ्या कनेक्शनने ४ − २ल²
तिसऱ्याने ४

कापलेला ब्रॅकेट आणि लेव्ही-चिव्हिता या जोडीने −ल². ल = १ घातला की आधीचे सगळे आकडे परत मिळतात.

मला ही तपासणी सर्वांत जास्त भरवशाची वाटते. पायाच्या वक्रतेला फायबर लांब आहे की आखूड याची फिकीर नसते, तेव्हा तुम्ही पायाची वक्रता काढतो आहोत असे म्हणत असाल आणि उत्तरात ल दिसत असेल, तर कनेक्शन चुकीचे निवडले आहे. उलट, वरच्या जागेची खरी वक्रता काढायची असेल आणि उत्तरात ल नसेल, तरीही चूकच. ल² हा ४/३ हून मोठा झाला की लेव्ही-चिव्हिताची वक्रता ऋण होते. हा गोल असूनही ऋण, आणि हे खरे आहे. तिथे घाबरून चिन्ह बदलू नये.

या तीन ओळींमागचे सर्वसाधारण नाते बॅरेट ओनील यांनी १९६६ साली सबमर्शनच्या (वरच्या जागेवरून पायाकडे नेणाऱ्या नकाशा-क्रियेच्या) समीकरणांत लिहिले. सबमर्शन आडव्या लांब्या जपत असेल, तर

पायाची वक्रता = वरची वक्रता + ¾|ब[क, ख]|²

आणि दुसऱ्या कनेक्शनची वक्रता = वरची वक्रता + ¼|ब[क, ख]|². बर्जे गोलावर |ब[क, ख]|² = ४ल² आहे, म्हणजे अनुक्रमे ३ल² आणि ल² चा फरक. दुसरे कनेक्शन वाटेत मध्येच थांबते. ते ना वरचे, ना खालचे. फोड आणि मेट्रिक दोन्ही जपायचे असतील, आणि मेट्रिकशी खालची कुठलीही जागा जोडलेली नसेल, तेव्हा ते कामाचे. पायाची वक्रता शोधत असाल, तर ते तुमचे कनेक्शन नव्हे.

तिसऱ्याचीही अट सांगायला हवी. ते नेहमीच मेट्रिक जपते असे नाही. उभ्या दिशेने सरकताना आडव्या लांब्या बदलत नसतील, तरच आडव्या भागावर जपते. फोलिएशनच्या भाषेत ही राइनहार्ट यांची १९५९ ची अट. ती तुटली की वक्रता ⟨र″(क, ख)ख, क⟩ अशी काढण्याला भूमितीय अर्थ राहत नाही, कारण ⟨र″(क, ख)ग, घ⟩ हे ग आणि घ मध्ये असममित (अदलाबदलीने चिन्ह उलटणारे) राहत नाही. उत्तर ‘जवळपास बरोबर’ दिसते आणि दिशाभूल करते.

बियांकीची पहिली एकसमानता मोडली

दुसरी मोठी तक्रार. कनेक्शन फोड जपणारे घेतले, वक्रता काढली, आणि र(क, ख)ग मध्ये क, ख, ग चक्राने फिरवून केलेली बेरीज शून्य येत नाही; टॉर्शन नसताना बियांकीच्या पहिल्या एकसमानतेनुसार ती शून्य असते. अनेकांना इथे आपला प्रोग्रॅमच चुकला असे वाटते.

चुकलेला नाही. टॉर्शन असले की एकसमानता अशी असते: र(क, ख)ग ची चक्रीय बेरीज म्हणजे ट(ट(क, ख), ग) + (∇(क)ट)(ख, ग) यांची चक्रीय बेरीज. उजवी बाजू टाकून देऊन डाव्या बाजूकडून शून्याची अपेक्षा करता येत नाही.

इथे त्रिमितीय उदाहरण उपयोगी पडत नाही, हे मुद्दाम सांगतो. वरच्या गोलावर ∇′ ची चक्रीय बेरीज शून्यच येते. म्हणून ज्यांनी प्रोग्रॅम फक्त तीन मितींत तपासला, त्यांना ही अडचण पाच मितींत गेल्यावरच भेटते. पाच मितींचा हायझेनबर्ग गट घ्या: क्ष१, य१, क्ष२, य२ आडवे, झ उभे, सगळे एकक आणि परस्परांना लंब. शून्येतर ब्रॅकेट फक्त दोन, [क्ष१, य१] = झ आणि [क्ष२, य२] = झ. कोझूलने ∇(झ)क्ष२ = −½य२ आणि ∇(झ)य२ = ½क्ष२. पहिल्या जोडीचेही तसेच.

∇′ मध्ये आडव्या दिशांनी आडव्या क्षेत्रांचे सगळे विकलज शून्य. मग

र′(क्ष१, य१)क्ष२ = −∇′(झ)क्ष२ = ½य२

चक्रातली उरलेली दोन पदे, र′(य१, क्ष२)क्ष१ आणि र′(क्ष२, क्ष१)य१, शून्य आहेत, कारण ते ब्रॅकेट शून्य. बेरीज ½य२. आता उजवी बाजू: ट′(क्ष१, य१) = −झ, आणि ट′(झ, क्ष२) = −½य२, म्हणून ट′(−झ, क्ष२) = ½य२. बाकीचे काही उरत नाही. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या. तुमच्या प्रोग्रॅममध्ये हे एक उदाहरण कायमचे ठेवून द्या. इथे शून्य आले, तर टॉर्शन कुठेतरी हरवले आहे.

याच्याच जोडीला एक छोटी शंका येते: ∇′ किंवा ∇″ ने मिश्र प्रतलाची, म्हणजे एक आडवा आणि एक उभा सदिश असलेल्या प्रतलाची, वक्रता नेहमी शून्य का येते? फोड जपणाऱ्या कनेक्शनची वक्रता आडव्याला आडव्यातच नेते, उभ्या सदिशाशी त्याचा गुणाकार शून्य होणारच. लेव्ही-चिव्हिताने बर्जे गोलावर मिश्र प्रतलाची वक्रता ल² आहे. ती माहिती नाहीशी झालेली नाही. ती टॉर्शनमध्ये गेली आहे, आणि हवी असेल तर तिथूनच काढावी लागते.

दुसरे मूलभूत रूप सममित येत नाही

पृष्ठभागांवरून आलेली सवय म्हणते की ब∇(क)ख, म्हणजे दुसरे मूलभूत रूप, हे क आणि ख मध्ये सममित असावे. आपल्या गोलावर ब∇(इ१)इ२ = इ३ आणि ब∇(इ२)इ१ = −इ३. पूर्ण असममित. यात बिघाड काही नाही. असममित भाग म्हणजेच ½ब[क, ख], आणि फ्रोबेनियसच्या प्रमेयानुसार तो शून्य असेल तरच आडव्या भागाला स्पर्श करणारी पृष्ठे सापडतात. इथे ती नाहीत.

सममित भागाचा अर्थ वेगळा आहे: तो शून्य असेल, तर आडव्या दिशेने निघालेली जिओडेसिक (जागेतली सर्वांत सरळ वाट) आडवीच राहते. गोलावर सममित भाग शून्य आहे, म्हणून आडवी महावर्तुळे आडवीच राहतात, पण ती सामावून घेणारे एकही आडवे पृष्ठ नाही. या दोन भागांना एकत्र ‘दुसरे मूलभूत रूप’ म्हणून वापरणाऱ्या सूत्रांत जरूर सावध राहावे. काही सूत्रे मुळात सममिती गृहीत धरून लिहिलेली असतात.

उलट टोकाचे उदाहरण अगदी साधे आहे. पृथ्वीगोलासारखा एकक गोल, ध्रुव वगळून, आणि फोड रेखावृत्ते व अक्षवृत्ते अशी. दोन्ही भाग एकमितीय, त्यामुळे दोन्ही आपोआप इंटिग्रेबल (त्यांना स्पर्श करणारे वक्र सापडतातच), ब्रॅकेटचा कुठलाही प्रश्न नाही. तरीही ∇′ ने वक्रता शून्य येते, गोलाची १ नव्हे. एकमितीय भागात एकक सदिशाचे विकलज त्या सदिशाला लंब असते, प्रक्षेप घेतला की काही उरत नाही. इथे कारण सममित भाग: अक्षवृत्ते जिओडेसिक नाहीत, विषुववृत्त सोडून. लेव्ही-चिव्हिता आणि ∇′ एकच व्हायचे असतील, तर दोन्ही भागांचे सममित आणि असममित असे दोन्ही अंश शून्य हवेत. तेव्हा जागा निदान स्थानिक पातळीवर सरळ गुणाकार असते, डे राम यांच्या १९५२ च्या विघटन प्रमेयात सांगितल्याप्रमाणे. त्याहून कमी काही चालत नाही.

बारीक पण त्रासदायक

टॉर्शन असलेल्या कनेक्शनच्या गुणकांत निर्देशांकांचा क्रम पाहा. विकलनाची दिशा आधी लिहायची की नंतर, हे पुस्तकागणिक आणि प्रणालीगणिक बदलते. सहनिर्देशकांत लेव्ही-चिव्हितासाठी गुणक सममित असतात, म्हणून क्रम उलटला तरी कळत नाही. इथे लगेच घात होतो. यावर सोपी चाचणी: गुणक भरल्यावर ∇′ ने प्रक्षेप प चे विकलन करा. शून्य नसेल, तर क्रम उलटा आहे.

दुसरे, बाह्य विकलनातला ½. काही पाठ्यपुस्तकांत १-रूपाच्या बाह्य विकलनाच्या व्याख्येतच ½ असतो, काहींत नसतो. इ३ चे द्वैत रूप घेतले, तर (इ१, इ२) वर उत्तर एका पद्धतीने −२, दुसऱ्या पद्धतीने −१. तुम्ही कोणती पद्धत वापरता हे तपासायला कालुझा (१९२१) आणि क्लाइन (१९२६) यांच्या पंचमितीय सिद्धान्तातले सूत्र चांगले आहे, तिथे विद्युतचुंबकीय क्षेत्र म्हणजे हाच ब्रॅकेटचा उभा अंश. स्थिर लांबीच्या फायबरसाठी वरची स्केलर वक्रता (परस्परलंब प्रतलांच्या वक्रतांच्या बेरजेची दुप्पट) म्हणजे खालची स्केलर वक्रता वजा त्या क्षेत्राच्या वर्गाचा एक चतुर्थांश. एकक गोलावर खाली ८, क्षेत्राचा वर्ग ८, म्हणजे वर ८ − २ = ६, आणि त्रिमितीय एकक गोलाची स्केलर वक्रता ६ च आहे. ½ चा घोळ असेल, तर क्षेत्राचा वर्ग २ होतो आणि वर ७½ येतात. साडेसात दिसले की व्याख्येकडे जा.

टँजंट बंडलच्याच टँजंट बंडलवर काम असेल, तर सासाकी यांनी १९५८ मध्ये दिलेल्या मेट्रिकखाली आडवा भाग कनेक्शनमधून येतो. तिथे आडव्या उचललेल्या क्षेत्रांच्या ब्रॅकेटचा उभा अंश म्हणजे −र(क, ख)उ ची उभी प्रत, उ हा त्या जागेचा बिंदू-सदिश. म्हणून वरच्या वक्रतेत खालच्या वक्रतेचा वर्ग दिसतो. वर्ग पाहून दचकू नका, पण तो बिंदूवर, म्हणजे उ वर अवलंबून आहे हे हिशेबात राहू द्या. तो स्थिर धरल्याने विकलनात पदे हरवलेली मी अनेकदा पाहिली आहेत.

आणि एक ठिकाण, जिथे यातले काहीच चालत नाही. अनोसोव्ह प्रवाहांत (जिथे शेजारचे बिंदू काही दिशांनी झपाट्याने जवळ येतात, काहींनी दूर जातात) बंडल स्थिर, अस्थिर आणि प्रवाहाची दिशा असा फुटतो, पण ही फोड बहुधा फक्त होल्डर-सतत (साध्या सातत्याहून थोडी अधिक नियमित) असते, विकलनीय नसते. प्रक्षेपांचे विकलन होत नसेल, तर ∇′ आणि ∇″ लिहिताच येत नाहीत. संगणकावर घेतलेले आसन्न विकलज तरीही काहीतरी आकडे देत राहतात, आणि जाळी बारीक केली की ते स्थिरावत नाहीत. जाळी निम्मी करून पाहा. आकडे हलत राहिले, तर आधी फोड किती गुळगुळीत आहे ते सिद्ध करा, वक्रतेचा प्रश्न त्यानंतरचा.